तेवीस तळटिपा

एखाद्या बँडविषयी विश्वकोशात लेख असावा की नसावा हे ठरवण्यासाठी त्याची गाणी ऐकावी लागत नाहीत, हे पहिल्यांदा समजले तेव्हा मला थोडा रागच आला होता. पुढे इंग्रजी विकिपीडियावर नव्याने आलेले लेख तपासण्याचे काम मी काही वर्षे स्वेच्छेने केले आणि ही गोष्ट अंगवळणी पडली. तरीही एका बँडच्या बाबतीत ती पाळणे मला जड गेले. ती हकिकत इथे लिहीत आहे. बँडचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण त्यांच्यावरचा लेख ठेवावा की वगळावा या चर्चेत त्यांचा काही दोष नव्हता आणि त्यांच्या नावापुढे ही हकिकत कायमची चिकटून राहावी असे मला वाटत नाही. प्रत्येक भाषेतला विकिपीडिया आपले नियम स्वतः ठरवतो, त्यामुळे पुढे ज्या निकषांचा उल्लेख येईल ते इंग्रजी आवृत्तीपुरतेच समजावेत.

लेख माझ्यासमोर आला तेव्हा तो तयार होऊन तीन आठवडे झाले होते. चार वादकांचा बँड, दोन अल्बम, एका दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षकसंगीत, सदस्यांची ओळख, कार्यक्रमांची जंत्री आणि शेवटी तेवीस तळटिपा. भाषा थोडी कौतुकाची होती, पण जाहिरातीइतकी भडक नव्हती. ज्याने कोणी तो लिहिला होता त्याने मेहनत घेतली होती हे उघड दिसत होते. शीर्षके नीट होती, तारखा होत्या, प्रत्येक वाक्यामागे एक आकडा कंसात बसवलेला होता. नवख्या तपासनिसाची फसगत अशाच लेखांमुळे होते, कारण तेवीस हा आकडा पाहून मन आपोआप निर्धास्त होते. मीही पहिल्या दिवशी लेख वरवर वाचून पुढे गेले होते. मालिकेचे ते शीर्षकसंगीत मला आठवत होते, आवडतही होते, आणि त्या आवडीमुळे आपण लेख झटकन पास करतो आहोत की काय अशी शंका रात्री आल्यामुळे दुसऱ्या दिवशी मी परत त्या पानावर गेले.

अशा लेखाचे काय करायचे याच्या दोन मुख्य वाटा आहेत. पहिली वाट तातडीने वगळण्याची. लेखात विषयाच्या महत्त्वाचा विश्वसनीय वाटेल असा एकही दावा नसेल, म्हणजे ‘आम्ही चार मित्र शनिवारी गातो’ एवढेच लिहिलेले असेल, तर प्रचालक, म्हणजे पाने वगळण्याचा अधिकार असलेला सदस्य, कोणत्याही चर्चेविना ते पान काढू शकतो. ही पायरी जाणूनबुजून खूप खाली ठेवलेली आहे. दावा सिद्ध झालेला नसला तरी चालतो, तो केलेला असला म्हणजे पुरे. इथे मालिकेच्या संगीताचा दावा होता, त्यामुळे ही वाट बंद होती. दुसरी वाट चर्चेची, म्हणजे लेख ठेवावा की वगळावा यावर सदस्यांनी जाहीरपणे मुद्दे मांडण्याची. त्या वाटेने जाण्याआधी, लेख वगळावा असे सुचवणाऱ्याने स्वतः संदर्भ शोधून पाहावेत अशी अपेक्षा असते, कारण लेखात चांगले संदर्भ नसणे आणि जगात ते नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी तसा शोध घेतला, पण तो अपुरा होता. ते पुढे येईलच.

आधी तळटिपा. मी एक कोरा कागद घेतला, त्यावर एक ते तेवीस आकडे एकाखाली एक लिहिले आणि प्रत्येक दुवा उघडून पाहू लागले. प्रश्न ठरलेले असतात. लिहिणारा बँडपासून स्वतंत्र आहे का? छापण्यापूर्वी मजकुरावर संपादकाची नजर फिरली असेल असे ते प्रकाशन आहे का? बँडविषयी त्यात चार ओळींहून अधिक, स्वतःचे असे काही म्हटले आहे का? या तिन्ही प्रश्नांना एकाच वेळी ‘हो’ असे उत्तर मिळाले तर तो संदर्भ जमेस धरायचा. दोन ‘हो’ आणि एक ‘नाही’ असेल तर एखाद्या वाक्याला आधार म्हणून तो चालू शकतो, पण बँडची उल्लेखनीयता, म्हणजे स्वतंत्र लेख असण्यासाठी जी कसोटी पार करावी लागते ती, त्यातून सिद्ध होत नाही.

पहिल्या पाच तळटिपा बँडच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आणि त्यांच्या समाजमाध्यमांवरील पानांवर नेत होत्या. पुढच्या चार गाणी ऐकवणाऱ्या व विकणाऱ्या सेवांवरच्या पानांच्या होत्या; अल्बम अस्तित्वात आहे एवढेच त्यांतून कळते, आणि अल्बम अस्तित्वात आहे यावर कोणाचा वाद नव्हताच. तीन तळटिपांमध्ये कार्यक्रमांच्या याद्या होत्या, ज्यांत बँडचे नाव, वेळ आणि मंचाचा क्रमांक यापलीकडे काही नव्हते. दोन मुलाखती होत्या. मुलाखतीविषयी नवे सदस्य नेहमी चिडतात, आणि त्यांचे म्हणणे मला अगदीच चुकीचे वाटत नाही, कारण एखाद्या प्रकाशनाने मुलाखत घ्यावीशी वाटणे यालाही काही अर्थ असतोच. पण प्रश्नकर्ता ‘तुमच्या नव्या अल्बमबद्दल सांगा’ असे म्हणतो आणि पुढची दीड पाने गायक बोलतो, तेव्हा तो मजकूर बँडने स्वतःविषयी केलेले निवेदनच ठरतो. मुलाखतीच्या आधी पत्रकाराने स्वतःच्या अभ्यासातून लिहिलेली मोठी प्रस्तावना असेल तर गोष्ट वेगळी. या दोन्ही मुलाखतींची प्रस्तावना दोन-दोन वाक्यांची होती.

नंतर सहा बातम्यांचा एक गट आला, सहा वेगवेगळ्या संकेतस्थळांवरचा. पहिली वाचली तेव्हा बरी वाटली. दुसरी वाचताना काहीतरी ओळखीचे जाणवले. तिसऱ्या बातमीत गिटारवादकाच्या आडनावात जी चूक होती तीच चूक पहिल्या दोन्हींत होती, आणि मग सहाही बातम्या शेजारी शेजारी उघडून ठेवल्यावर दिसले की परिच्छेदांचा क्रम तेवढा इकडेतिकडे झाला आहे, बाकी मजकूर एकच आहे. दुसऱ्या अल्बमच्या वेळी काढलेले ते प्रसिद्धिपत्रक होते. सहा ठिकाणी छापले गेले म्हणून त्याचे सहा संदर्भ होत नाहीत. बँडच्या बाजूनेच ते निघालेले असल्यामुळे उल्लेखनीयतेच्या हिशेबात त्याचा एकही होत नाही. सातवा तसाच एक मजकूर होता, फक्त त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ असे लिहिले होते. निदान त्यांनी ते लिहिले होते, याचे मला बरे वाटले.

आता कागदावर दोनच आकडे खोडायचे उरले. त्यांपैकी एक होती एका मोठ्या प्रकाशनातली छोटी बातमी, वार्ताहराच्या नावासह, बँडच्या वाटचालीचा आढावा घेणारी. हा संदर्भ जमेस धरण्याच्या मी अगदी बेतात होते. त्या बातमीत बँडची स्थापना २००९ साली झाली असे म्हटले होते, आणि विकिपीडियावरच्या लेखातही २००९ च होते. पण बँडच्या स्वतःच्या संकेतस्थळावर २०११ हे साल होते. स्वतःच्या स्थापनेचे वर्ष बँड चुकवील असे वाटेना. म्हणून मी लेखाचा इतिहास उघडला. विकिपीडियाच्या प्रत्येक पानाला असा इतिहास असतो. कोणता शब्द कोणत्या खात्यावरून, कोणत्या दिवशी, कोणत्या मिनिटाला आला हे त्यात दिसते. २००९ हे साल लेखाच्या अगदी पहिल्या आवृत्तीत होते. बातमीची तारीख त्यानंतरची, अकरा दिवसांनी पुढची होती, आणि बातमी आल्यावर कोणीतरी तीच बातमी लेखातल्या त्या सालापुढे पुरावा म्हणून लावली होती. म्हणजे वार्ताहराने साल विकिपीडियावरून उचलले, आणि मग विकिपीडियाने ते वार्ताहराच्या नावावर परत घेतले. आढाव्याचा क्रम, त्यातली विशेषणे, एवढेच काय पण अल्बमविषयीचे एक लंगडे वाक्यही लेखातूनच गेले होते. अशा वर्तुळाबद्दल मी पूर्वी वाचले होते, पण ते असे पुरते फिरून परत आलेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची ही पहिलीच वेळ. त्या दिवशी पुढे काही काम झाले नाही.

शेवटची तळटीप मात्र खरी निघाली. संपादक मंडळ असलेल्या एका संगीतविषयक नियतकालिकाच्या संकेतस्थळावर आलेले, पहिल्या अल्बमचे तीन परिच्छेदांचे परीक्षण. परीक्षकाला अल्बम फारसा आवडला नव्हता, आणि त्यामुळेच त्याच्या स्वतंत्रपणाबद्दल शंका राहिली नाही. पण तीनच परिच्छेद, आणि तेही एका अल्बमबद्दल. तेवीसपैकी एक, किंवा हात आखडून मोजले तर अर्धा.

संदर्भांच्या या सर्वसाधारण कसोटीशिवाय संगीतकारांसाठी आणि बँडसाठी बारा कलमांची एक वेगळी यादीही आहे. त्यांतले एखादे कलम लागू पडले तर बँड ‘उल्लेखनीय असू शकेल’ असे ती म्हणते, आणि या ‘असू शकेल’वर चर्चांमध्ये पानेच्या पाने खर्ची पडतात. राष्ट्रीय पातळीवरच्या लोकप्रियता-क्रमवारीत स्थान, सुवर्ण प्रमाणपत्र, मोठ्या पुरस्कारासाठी नामांकन, मोठ्या संगीतस्पर्धेत पहिल्या तिघांत येणे अशी ती कलमे आहेत. त्यांमागचा विचार सरळ आहे: ज्या बँडला ग्रॅमी किंवा मर्क्युरी पुरस्काराचे नामांकन मिळाले, त्याच्याविषयी कुठेतरी कोणीतरी सविस्तर लिहिलेले असणारच, ते शोधायला थोडा अवधी द्यावा. कलम हे संदर्भांच्या जागी येत नाही. संदर्भ असतील अशी ती एक रास्त अटकळ असते.

लेखात ‘क्रमवारीत तिसरा क्रमांक’ असा दावा होता. तो एका गाणी विकणाऱ्या सेवेच्या, एका उपप्रकाराच्या, एका दिवसाच्या यादीतला होता. १९५८ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या बिलबोर्ड हॉट १०० सारख्या क्रमवाऱ्या अनेक ठिकाणांहून आकडे गोळा करून, ठरलेल्या पद्धतीने दर आठवड्याला काढल्या जातात. एकाच विक्रेत्याची तासातासाला बदलणारी यादी त्यांच्या पंक्तीला बसत नाही. प्रमाणपत्राचा प्रश्नच नव्हता, तरी त्यानिमित्ताने जुनी उजळणी झाली की ‘सुवर्ण’ हा शब्दही सगळीकडे एका वजनाचा नसतो: अमेरिकेत त्यासाठी पाच लाख प्रती लागतात, तर ब्रिटनमध्ये अल्बमला एक लाख पुरतात.

‘महत्त्वाच्या रेकॉर्ड कंपनीकडून दोन किंवा अधिक अल्बम’ या कलमापाशी मी जास्त वेळ थांबले, कारण बँडचे अल्बम खरोखरच दोन होते. कंपनी मोठी असावी, किंवा छोटी स्वतंत्र असली तरी काही वर्षांचा इतिहास असलेली आणि जिच्या यादीत पुष्कळसे नामवंत कलाकार आहेत अशी असावी, असे ते कलम म्हणते. या कंपनीच्या संकेतस्थळावर एकूण तीन कलाकार होते. एक हा बँड. उरलेले दोन म्हणजे याच बँडच्या गायकाचे आणि गिटारवादकाचे एकल प्रकल्प. स्वतःचे संगीत स्वतःच प्रकाशित करण्यात कमीपणा काहीच नाही, उलट मला त्यांचे कौतुक वाटले, पण त्या कलमाने जी अपेक्षा धरली आहे ती इथे पुरी होत नव्हती.

राहिले शीर्षकसंगीत. ज्या मालिकेला त्यांनी ते दिले होते तिच्यावर विकिपीडियात स्वतंत्र आणि भक्कम लेख होता. उल्लेखनीय कलाकृतीसाठी संगीत देणे हे बारांपैकी एक कलम आहेच. पण त्याच कलमाच्या शेवटी कंसात एक पुस्ती जोडलेली आहे, की एवढा एकच दावा असेल तर त्या कलाकृतीच्या लेखातच उल्लेख करून बँडचे नाव तिकडे वळवणे बहुधा अधिक योग्य ठरेल. ही पुस्ती मी त्या दिवशी वाचली होती. वाचूनही मी चर्चा मांडताना ‘वगळावा’ असेच लिहिले, कारण तेवीस तळटिपांनी माझा विरस केला होता आणि त्या विरसाचा रंग माझ्या निर्णयावर चढला होता. आज मला तसे स्पष्ट दिसते.

अशा चर्चेला निदान सात दिवसांची मुदत असते. पूर्वी या प्रकाराच्या नावात ‘मते’ असा शब्द होता. २००५ मध्ये तो काढून टाकला गेला, कारण इथे डोकी मोजली जात नाहीत. शेवटी एक प्रचालक सगळे मुद्दे वाचतो आणि नियमांना धरून केलेल्या युक्तिवादांतून कोणती सहमती दिसते ते सांगतो. हे ज्याला माहीत नसते तो साहजिकच माणसे गोळा करून आणतो. तिसऱ्या रात्री, तासाभराच्या आत, सहा नवी खाती उघडली गेली आणि सहाही खात्यांनी लिहिले की हा फार चांगला बँड आहे, लेख ठेवावा. त्या सहा मतांखाली कोणीतरी नेहमीची सौम्य टीप लावली, की या खात्यांचे दुसरे कोणतेही काम अद्याप नोंदलेले नाही. मला त्या सहा जणांचा राग आला नाही. त्यांच्यापैकी एकाने, आजारपणाच्या दिवसांत त्या गाण्यांनी कशी सोबत केली ते चार साध्या वाक्यांत लिहिले होते. तो त्या चर्चेतला सर्वांत प्रामाणिक मजकूर होता आणि निकालाच्या दृष्टीने पूर्णपणे निरुपयोगी होता.

पाचव्या दिवशी माझ्या चर्चापानावर बँडच्या ड्रमवादकांचा निरोप आला. आपण कोण आहोत हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितले होते. लेख त्यांच्या एका चाहत्याने लिहिला आहे, त्यासाठी कोणी पैसे दिलेले नाहीत, हेही त्यांनी मी विचारण्याआधीच स्पष्ट केले. मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने तसे उघड करणे विकिमीडियाच्या वापराच्या अटींनुसार २०१४ पासून बंधनकारक आहे, आणि ते त्यांना ठाऊक असावे. मग त्यांनी लिहिले होते: “आम्ही बारा वर्षे वाजवतो आहोत. आम्ही उल्लेखनीय नाही असे आपण म्हणता, ते कशाच्या आधारावर? आपण आम्हाला ऐकले तरी आहे का?”

उत्तर लिहायला मला दोन दिवस लागले. ऐकले आहे असे लिहावे तर तो मुद्दाच नाही, आणि तो मुद्दा नाही असे लिहावे तर ते उद्धट वाटणार. मी मनातल्या मनात त्यांना मराठीत उत्तर देत होते आणि त्याच खटाटोपात मला या शब्दाची अडचण लक्षात आली. आपल्याकडे ‘-नीय’ लागलेला शब्द लायकी सांगतो. पूजनीय म्हणजे पूजेला योग्य, दर्शनीय म्हणजे पाहण्याजोगे. त्याच चालीने उल्लेखनीय म्हणजे ज्याचा उल्लेख व्हायला हवा असा. ‘तुम्ही उल्लेखनीय नाही’ हे वाक्य कोणाच्याही कानाला ‘तुमचे नाव घेण्याची लायकी नाही’ असेच ऐकू येणार. कसोटी मात्र लायकीची नाहीच. बँडचा उल्लेख कोणी तिऱ्हाइताने, आपणहून, पुरेसा केलेला आहे का, एवढेच ती विचारते. म्हणजे शब्द हवा होता ‘उल्लेखिलेला’, आणि तोही भूतकाळी. ‘नोटेबल’ या इंग्रजी शब्दाचीही हीच तऱ्हा आहे, त्यामुळे भाषांतरकाराला दोष देण्यात अर्थ नाही.

म्हणून मी त्यांना लिहिले की तुमच्या संगीताबद्दल मी काहीही ठरवलेले नाही आणि ते ठरवण्याचा मला अधिकारही नाही. विश्वकोशाला स्वतःचे मत नसते. तो दुसऱ्यांनी लिहिलेल्यावरून लिहितो, आणि जिथे दुसऱ्यांनी लिहिलेले नसते तिथे लेखात फक्त तुमचे स्वतःविषयीचे म्हणणे उरते. २०१४ किंवा २०१५ साली एखाद्या पत्रकाराने तुमच्या तालमीला येऊन बसून चार पाने लिहिली असतील, तर ती चार पाने मला तुमच्या बारा वर्षांपेक्षा जास्त उपयोगी पडतील. हे अन्यायाचे वाटेल, पण असे आहे. छापील अंक चालेल, जालावर नसला तरी चालेल, कोणत्याही भाषेतला चालेल. शिवाय म्युझिकब्रेन्झसारख्या नोंदकोशात अशी कसोटी नाही, तिथे कोणत्याही बँडची आणि अल्बमची नोंद करता येते, हेही सांगितले. पण ते लिहिताना आपण कोणाला मागच्या दाराने चहा पाजतो आहोत असे वाटत राहिले.

त्यांचे उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. असे कोणीतरी लिहिले होते खरे, पण अंक आता सापडत नाही आणि नेमके वर्ष आठवत नाही. आणि जाता जाता त्यांनी लिहिले की तेव्हा आमचे नाव हे नव्हते, दुसऱ्या अल्बमच्या आधी आम्ही ते लहान केले.

माझा अपुरा शोध तो हा. मी सगळीकडे त्यांचे आजचे, एका शब्दाचे नाव शोधले होते. लेखात जुन्या नावाचा उल्लेख नव्हता, पण पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठाचे चित्र लेखातच लावलेले होते, आणि त्यावर तीन शब्दांचे जुने नाव ठळकपणे छापलेले होते. इतके दिवस ते माझ्या डोळ्यांसमोर होते. मी ही गोष्ट चर्चेत जशीच्या तशी नोंदवली, आपली चूक कबूल केली आणि निकाल आणखी एक आठवडा पुढे ढकलावा अशी विनंती केली. चर्चा पुन्हा यादीत वर आणली गेली.

जुन्या नावाने शोधल्यावर दोन गोष्टी हाती लागल्या. एका सदस्याला ग्रंथालयाच्या जुन्या नियतकालिकांच्या संग्रहात २०१४ चा एक अंक मिळाला. त्यात बँडवर चार पानांचा लेख होता. पत्रकार तीन दिवस त्यांच्याबरोबर राहिला होता, त्याने त्यांच्या वादनातल्या उणिवाही लिहिल्या होत्या, आणि बँड ‘तीन वर्षांपूर्वी’ स्थापन झाल्याचे म्हटले होते, म्हणजे २०११. इतका चांगला संदर्भ मी त्या वर्षात दुसऱ्या कोणत्याही लेखासाठी पाहिला नव्हता. दुसरी गोष्ट म्हणजे राष्ट्रीय नभोवाणीवरच्या एका कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण. राष्ट्रीय पातळीवर अर्धा तास किंवा अधिक वेळाच्या प्रसारणाचा मुख्य विषय असणे हेही बारांपैकी एक कलम आहे, आणि तो कार्यक्रम बरोबर अर्ध्या तासाचा होता, त्यामुळे चर्चेत एकदम उत्साह पसरला. मी तो शेवटपर्यंत ऐकला. बँडविषयीचा भाग अकरा मिनिटांचा होता. उरलेल्या वेळात निवेदिका वाद्यांच्या दुरुस्तीविषयी एका कारागिराशी बोलत होती. ते संभाषण फारच सुरेख होते, पण आमच्या कामाचे नव्हते.

आता पारडे खरोखर मध्यावर आले. एक उत्तम संदर्भ, एक तीन परिच्छेदांचे परीक्षण, अकरा मिनिटे. नियम ‘एकाहून अधिक’ संदर्भ मागतो, पण नेमके किती हे सांगत नाही, आणि त्यांची खोली किती असावी हे तर मोजपट्टीने सांगता येतच नाही. एका अनुभवी सदस्याने परीक्षण पूर्ण धरून लेख ठेवावा असे म्हटले. दुसऱ्याने दाखवून दिले की चार पानांच्या लेखातला आणि परीक्षणातला मजकूर एकत्र केला, तर २०१४ नंतरच्या सगळ्या वर्षांविषयी लेखात लिहायला एक ओळही स्वतंत्र आधाराची उरत नाही. बँडची आजची ओळख ज्यावर उभी आहे तो दुसरा अल्बम पूर्णपणे प्रसिद्धिपत्रकावर अवलंबून राहतो. हा मुद्दा मला निर्णायक वाटला. उल्लेखनीयता एकदा मिळाली की ती काळाबरोबर उतरत नाही, हे खरे. तथापि प्रश्न तिच्या ओसरण्याचा नव्हता, तर एवढ्या सामग्रीतून असा लेख लिहिता येईल का, ज्याच्या निम्म्या भागाला बँडच्याच शब्दांचा टेकू लागणार नाही, हा होता. मी बसून तसा लेख धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या लिखाणासाठीच्या पानावर, लिहून पाहिला, फक्त स्वतंत्र संदर्भांतून. तो नऊ वाक्यांचा झाला, आणि त्यांतली सात वाक्ये पहिल्या तीन वर्षांविषयी होती.

ती नऊ वाक्ये मी चर्चेत ठेवली आणि माझे ‘वगळावा’ मागे घेऊन, नाव मालिकेच्या लेखाकडे वळवावे असे लिहिले, कंसातल्या त्या पुस्तीचा हवाला देऊन, जो मी पहिल्याच दिवशी द्यायला हवा होता. ठेवावा म्हणणारे सदस्य शेवटपर्यंत ठेवावाच म्हणाले, आणि त्यांचा युक्तिवाद माझ्यापेक्षा फार कमकुवत होता असे मी आजही म्हणणार नाही. चौदाव्या दिवशी प्रचालकाने पुनर्निर्देशनाचा निकाल दिला. पान पुसले गेले नाही. बँडचे नाव शोधणारा वाचक मालिकेच्या लेखातल्या संगीताच्या परिच्छेदावर पोचतो, आणि जुना लेख त्या पुनर्निर्देशनाच्या इतिहासात अखेरच्या स्वल्पविरामापर्यंत शाबूत आहे, म्हणजे उद्या कोणी नव्याने काही लिहिले तर तिथूनच पुढे सुरुवात करता येईल. त्या परिच्छेदात मी बँडविषयी तीन वाक्ये जोडली आणि २०१४ च्या अंकाचा संदर्भ दिला. जुन्या नावावरूनही एक पुनर्निर्देशन केले.

ड्रमवादकांना मी निकाल कळवला. निकालाबद्दल ते काही बोलले नाहीत. त्या चार पानांची प्रत कोणत्या ग्रंथालयात मिळेल एवढे त्यांनी विचारले, कारण चौघांपैकी कोणाकडेच ती आता नव्हती, आणि त्या वेळचे त्यांचे पाचवे सहकारी त्यातल्या एका छायाचित्रात आहेत असे त्यांना आठवत होते. मी संग्रहाचे नाव, अंकाची तारीख आणि पृष्ठक्रमांक कळवले.

ज्या पानांतले बदल मला कळत राहतात त्या माझ्या पहाऱ्याच्या सूचीत हे पुनर्निर्देशन अजून आहे. जुन्या लेखाच्या चर्चापानावर मी एक सूचना लिहून ठेवली आहे, की पुढे कोणी लेख पुन्हा उभा केला तर स्थापनेच्या सालासाठी ती आढाव्याची बातमी वापरू नये, आणि का वापरू नये. त्या प्रकाशनालाही मी दुरुस्तीसाठी पत्र पाठवले होते. त्या बातमीत अजून २००९ च आहे.